पाच आणे चार पै

आमच्या जमिनीच्या हिश्श्यांचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा अठरा नावांपुढच्या टक्क्यांची बेरीज बरोबर १००.०० आली, आणि बेरीज जुळली की संगणकावर काम करणाऱ्या माणसाला जो एक फसवा निवांतपणा येतो तो मलाही आला. जमीन राजापूर तालुक्यातली, २ एकर २५ गुंठे. थोडे खाचर, बरेचसे वरकस आणि उरलेला कातळ. पणजोबांना तीन मुलगे होते, त्यांची तीन घरे झाली, आणि त्या तीन घरांतली माणसे आता मुलुंडपासून विरारपर्यंत विखुरलेली असली तरी सातबाऱ्यावर मात्र ‘सामाईक’ या एका शब्दाखाली दाटीवाटीने उभी आहेत. थोरल्या घरात सात भावंडे, मधल्यात पाच, धाकट्यात चार. मी थोरल्या घरातली. वडील गेल्यावर त्यांचा हिस्सा आई, भाऊ आणि मी अशा तिघांकडे आला. वाटणी कशी धरायची हे वकिलांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे माझ्याकडे उरले होते ते निव्वळ अंकगणित: थोरल्या घरातल्या प्रत्येकाला १/२१, मधल्यातल्या प्रत्येकाला १/१५, धाकट्यातल्या प्रत्येकाला १/१२, आणि आम्हा तिघांना १/६३.

मी ते स्प्रेडशीटमध्ये टाकले, टक्के दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दाखवले, कागद छापला आणि रविवारी करी रोडला उतरून लालबागला काकांकडे गेले. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, धाकट्या घरातले. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी आणि पगार यांचे हिशेब करण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी चष्मा लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि तळाच्या १००.०० कडे ढुंकूनही न पाहता घरागणिक बेरजा करायला घेतल्या. थोरले घर: ४.७६ सहा वेळा आणि १.५९ तीन वेळा, म्हणजे ३३.३३. मधले घर: ६.६७ पाच वेळा, ३३.३५. धाकटे घर: ८.३३ चार वेळा, ३३.३२.

“बाय, एकूण जुळलं म्हणजे हिशेब जुळला असं नसतं,” ते म्हणाले. “तीन घरं सारखी, तर मग आमचं मधल्यांपेक्षा कमी का?”

मी सांगू लागले की संगणकाच्या पोटात पूर्ण अंक आहेत, हे फक्त छापताना जवळच्या अंकाला आणून ‘गोलाकार’ झाले आहेत. ते त्यांना पटले नाही, आणि विचार केल्यावर मलाही पटेना. कारण दस्तात उतरणार ते कागदावरचेच अंक, आणि यंत्राच्या पोटात राहिलेली दशांशस्थळे कोणाच्या नावावर चढत नाहीत. मधले आणि धाकटे घर यांच्यातला ०.०३ टक्क्यांचा फरक जमिनीवर सुमारे ३.२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३४ चौरस फूट भरतो. राजापूरच्या कातळावर त्याला कोणी विचारणार नाही, पण ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिथे तेवढ्या जागेत मोरी आणि ओटा दोन्ही बसवले होते.

मग काकांनी ट्रंकेतून स्वातंत्र्यापूर्वीच्या वाटणीपत्राची नक्कल काढली. मोडी जाणणाऱ्या कोणाकडून तरी करून घेतलेल्या त्या देवनागरी नकलेत प्रत्येक मुलाचा हिस्सा लिहिला होता: ‘आणेवारी पाच आणे चार पै’. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा भाग ६४ पै, म्हणजेच पाच आणे चार पै. बाकी शून्य. जे काम माझ्या दशांशाला दोन स्थळांत साधले नव्हते, ते पणजोबांच्या कारकुनाने चार शब्दांत कोठेही गोलाकार न करता उरकले होते.

त्या रात्री मी स्प्रेडशीट बंद केले आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडली. पायथनमध्ये २००८ सालच्या २.६ या आवृत्तीपासून अपूर्णांकांसाठी ‘फ्रॅक्शन्स’ नावाचे मोड्यूल, म्हणजे तयार लिहून ठेवलेल्या कोडचा एक भाग, आहे. वेगळे काही डाऊनलोड करावे लागत नाही, आणि सगळेच मुक्तस्रोत असल्याने आत काय चालते ते कोणालाही उघडून वाचता येते. त्यात संख्या अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांच्या रूपात राहते. मी इतकी वर्षे प्रोग्रॅम लिहीत असूनही हे मोड्यूल कधी वापरले नव्हते, कारण आमच्या धंद्यात अपूर्णांक दिसला की त्याचा दशांश करून मोकळे होण्याची सवय लागलेली असते. त्या सवयीनेच पहिली चूक झाली. ‘फ्रॅक्शन’च्या कंसात मला एक, स्वल्पविराम, तीन असे लिहायचे होते, मी एक, तिरकी रेघ, तीन असे लिहिले. उत्तर आले: ६००४७९९५०३१६०६६१/१८०१४३९८५०९४८१९८४.

या राक्षसाकडे मी बराच वेळ पाहत बसले. छेद म्हणजे दोनाचा ५४ वा घात. झाले होते असे की, तिरक्या रेघेने भागाकार आधीच उरकला, त्याचे उत्तर यंत्राच्या नेहमीच्या द्विमान दशांशात मावेल तेवढे मावले, आणि मग ते ‘फ्रॅक्शन’च्या हाती पडले. फ्रॅक्शनने इमानाने हाती आलेल्या संख्येचा अचूक अपूर्णांक करून दिला, फक्त ती संख्या एक तृतीयांश नव्हती. यंत्रातल्या एक तृतीयांशाच्या छेदात तीन कुठेच नाही, ही गोष्ट त्या सतरा अंकी छेदाकडे पाहिल्याशिवाय मला कधी खऱ्या अर्थाने समजली नसती. यंत्राचे दशांश खरे तर दशांश नसतातच. छेदात फक्त दोनाचे घात चालतात, आणि बाकी सगळे तशा छेदाच्या जवळच्या कुठल्यातरी अपूर्णांकावर बसवले जाते. तिरकी रेघ पुसून स्वल्पविराम दिला आणि १/३ हे १/३ च राहिले.

पुढच्या रविवारी हे काकांना सांगताना एक गंमत लक्षात आली. ते शाळेत होते तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ म्हणून घेत, आणि साडेतिनाला ‘औट’ म्हणतात हे माझ्या आयुष्यात मला त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी मांडी ठोकत औटकी थेट दहापर्यंत म्हणून दाखवली, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक संख्येचा छेद पाहत गेले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट: सगळ्यांचे छेद दोन नाहीतर चार. म्हणजे आमच्या जुन्या पाढ्यांतला एकूण एक अपूर्णांक आजच्या यंत्रात तसूभरही न बदलता मावतो. रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा मावतो. चौसष्टावा भाग असलेला जुना पैसा मावतो. मावत नाही तो १ एप्रिल १९५७ पासून आलेला नवा पैसा, शंभरावा भाग, कारण शंभरात पाच लपलेले आहेत. ज्या दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला असे आपण मानतो, तीच या यंत्राला परकी आहे. जुनी पै मात्र या यंत्रातही मावत नाही. १९२ मध्ये तीन आहे. पण तो तीन होता म्हणूनच पणजोबांच्या तीन मुलांची भांडणे झाली नाहीत, निदान त्या कारणावरून तरी नाहीत.

पाच भावंडांच्या मधल्या घरापुढे आणेवारीही हात टेकते, हे सांगायला हवे. १/१५ म्हणजे १२ पै आणि वर ४/५ पै. नवा पैसा पाचांना पुरतो, तिघांना नाही; पै तिघांना पुरते, पाचांना नाही; आणि सातांना दोन्ही पुरत नाहीत. कोणतेही चलन, कोणतेही माप आधीच छेद ठरवून बसलेले असते, आणि माणसे मात्र त्या छेदाला विचारून जन्माला येत नाहीत. अपूर्णांकाचे मोड्यूल इतके मोकळे वाटते ते याचसाठी, की तिथे छेद आधी ठरलेला नसतो.

मोड्यूलचा स्रोत मी वाचून काढला. फार मोठा नाही, एका संध्याकाळचे काम आहे. दोन अपूर्णांकांची बेरीज तिथे जवळजवळ आमच्या शाळेतल्यासारखीच होते, फक्त क्रम थोडा शहाणा आहे. आम्हाला छेदांचा लसावि काढायला शिकवले होते. इथे आधी छेदांचा मसावि काढतात. तो एक आला, म्हणजे छेद सहमूळ असले, तर तिरकस गुणाकार करून मोकळे होतात, कारण मग उत्तर आपोआपच अतिसंक्षिप्त असते आणि पुन्हा भागत बसावे लागत नाही. कोणत्याही दोन संख्या सहमूळ असण्याची शक्यता ६ भागिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे ही पळवाट बऱ्याचदा कामी येते. मसावि काढण्याची रीत म्हणजे मोठ्याला लहानाने भागा, बाकीने लहानाला भागा, बाकी शून्य होईपर्यंत. युक्लिडची म्हणून आपण ती ओळखतो. आर्यभटाच्या ‘कुट्टक’ या गणिती रीतीतही भागाकारांची हीच साखळी आहे.

याच मोड्यूलमध्ये छेदाला मर्यादा घालणारी एक क्रिया आहे, आणि माझ्या मते सगळ्या मोड्यूलमध्ये तीच सर्वांत देखणी आहे. तिला एखादा दशांश आणि छेदाची कमाल मर्यादा द्यायची. त्या मर्यादेतला सर्वांत जवळचा अपूर्णांक ती शोधून देते. पायची सोळा दशांशस्थळे आणि हजाराची मर्यादा दिली तर ३५५/११३ येतो. मी तिला माझ्याच फसलेल्या कागदावरचे आकडे दिले, मर्यादा शंभराची ठेवली: ०.०४७६ चे १/२१ आले, ०.०१५९ चे १/६३, ०.०६६७ चे १/१५, ०.०८३३ चे १/१२. गोलाकार करून मी जी माणसे पुसली होती ती अशी परत आली. अर्थात हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. छेद लहान आहेत म्हणून तो खरा ठरला. आणखी दोन पिढ्या गेल्या आणि छेद चार अंकी झाले की दोन स्थळांच्या टक्क्यांतून कोणालाही काही ओळखू येणार नाही.

प्रोग्रॅम बरोबर चालतो हे पडताळायला ज्याचे उत्तर आधीपासून माहीत आहे असे एखादे उदाहरण हवे होते, आणि ते वकिलांनीच सुचवले: गुरुपद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा निकाल. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. वाद होता तो पत्नीच्या हिश्श्याचा. खंडाप्पा वारण्यापूर्वी वाटणी झाली असती असे मानले तर ते स्वतः, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ मिळाला असता. मग त्यांचा स्वतःचा १/४ सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला १/२४. हिराबाईंचे १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. माझ्या प्रोग्रॅमनेही ७/२४ च दिले आणि मला फार बरे वाटले. आकडे पाहून काकांनी लगेच त्याची आणेवारी केली: आईला चार आणे आठ पै, प्रत्येक मुलाला चार आणे आठ पै, आणि प्रत्येक मुलीला आठ पै. “नुसत्या आठ पै?” काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. तेव्हाचा कायदा तसा होता. मुलींना मुलांसारखाच हक्क देणारी, महाराष्ट्रात १९९४ ची आणि देशभर २००५ ची, दुरुस्ती व्हायची होती.

आमचा हिशेब टक्क्यांऐवजी चौरस मीटरमध्ये मांडावा असे मग ठरले, कारण नव्या नोंदी हेक्टर-आरमध्ये असतात. १०५ गुंठे म्हणजे १ हेक्टर ६ आर २३ चौरस मीटर, एकूण १०,६२३. प्रत्येक घराला बरोबर ३,५४१. इतके सरळ दिसल्यावर मी पुन्हा मोहात पडले आणि प्रत्येकाचे उत्तर जवळच्या पूर्ण मीटरला आणले. एकूण बेरीज पुन्हा १०,६२३. पण घरागणिक पाहिले तर आमच्या घरात ३,५४३, आणि बाकीच्या दोन्ही घरांत ३,५४०. टक्क्यांत मधले घर फायद्यात होते, आता आम्ही. या वेळी चूक मी स्वतः पकडली, एवढेच समाधान.

गुंठ्यांत मात्र चित्र विलक्षण साफ होते. घराला ३५ गुंठे. आमच्या आत्या-काकांना पाच-पाच, मधल्या घरात सात-सात, आणि धाकट्या घरात पावणेनऊ. मला, आईला आणि भावाला ५/३ गुंठे, म्हणजे एक गुंठा दहा आणे आठ पै. त्या पाच तृतीयांशाला पाढ्यांत जागा नाही. चौरस फुटांत सांगायचे तर ते १,८१५ होतात. मुंबईत एवढी जागा स्वप्नात सुद्धा पाहायची नसते.

मधल्या काळात धाकट्या घरातल्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. काकांची ती सर्वांत धाकटी बहीण. तिने आपला हिस्सा काकांच्या नावे सोडला, आपखुशीने असेच दस्तात लिहिले आहे, आणि बहिणींच्या हक्कसोडपत्रांत बहुधा ते तसेच लिहिलेले असते. मी प्रोग्रॅममध्ये काकांच्या १/१२ मध्ये तिचा १/१२ मिळवला. पडद्यावर १/६ आला. गणिताने काही चुकीचे केले नव्हते. या मोड्यूलचा तो धर्मच आहे, कोणताही अपूर्णांक तो अतिसंक्षिप्त रूपातच ठेवतो, आणि तसा ठेवतो म्हणूनच दोन अपूर्णांक समान आहेत की नाहीत हे त्याला क्षणात सांगता येते. टक्क्यांच्या जुन्या कागदावर हीच दुरुस्ती केली तर काकांचे १६.६७ होतात, धाकट्या घराची बेरीज एकदाची ३३.३३ होते, आणि एकूण बेरीज १००.०१ होते.

पण काका त्या १/६ कडे पाहून खूश झाले नाहीत. “हे असं नको,” ते म्हणाले. “दोन बारांश लिही. माझा एक, तिचा एक.”

संक्षेप न करता अपूर्णांक ठेवता येतो का, हे मी शोधले. जीएमपी या अचूक गणितासाठीच्या, १९९१ पासूनच्या प्रसिद्ध लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, अंश आणि छेद स्वतः भरले तर संक्षेप आपोआप होत नाही, तो करणारे फंक्शन आपण मुद्दाम बोलवावे लागते. पण ते न बोलवता पुढची गणिते केली तर उत्तरांचा भरवसा उरत नाही, कारण आतली सगळी रचना संक्षिप्त रूप गृहीत धरून केलेली आहे. ज्युलिया या भाषेत दोन तिरक्या रेघांनी अपूर्णांक लिहितात, रुबी या भाषेत आकड्यामागे एक अक्षर लावतात, पायथनची सिम्पाय ही लायब्ररी ते बीजगणितासकट सांभाळते. सगळीकडे २/१२ चे १/६ होतेच. लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये पेशीला अपूर्णांकाचे रूप देता येते, पण तो केवळ वेश आहे, आत तेच द्विमान दशांश. शेवटी मी लायब्ररीकडून तिचे काम नसलेल्या गोष्टीची अपेक्षा सोडली. प्रत्येक नावापुढे एक यादी ठेवली: कोणता तुकडा कोणाकडून आला. गणित फ्रॅक्शन करतो, आणि कागदावर छापताना ती यादी छापली जाते. काकांच्या ओळीत आता १/१२ + १/१२ असे आहे, आणि दुसऱ्या बारांशापुढे आत्याचे नाव.

त्या जोडलेल्या हिश्श्यात आणखी एक फट निघाली. १०,६२३ चा सहावा भाग १,७७०.५, पूर्णांकाला आणायला सांगितले तर हे मोड्यूल बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून १,७७० देते. आमच्या बाईंनी १,७७१ करायला शिकवले होते. तेव्हा मी गोलाकाराचा नादच सोडला आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचा फक्त पूर्ण भाग घेतला. धाकट्या घरात १ मीटर उरला, मधल्या घरात १, आमच्या घरात नऊ नावे असल्यामुळे ७. एकूण ९ चौरस मीटर कोणाचेच नाहीत.

प्रोग्रॅमच्या शेवटी आता एक ओळ आहे: सर्वांचे पूर्ण भाग आणि उरलेला भाग मिळून १०,६२३ भरतात का, आणि प्रत्येक घराचे अपूर्णांक मिळून बरोबर १/३ होतात का. दोन्ही होतात. उरलेल्या नऊ मीटरांचे काय करायचे हा प्रश्न मी तिन्ही घरांच्या बैठकीत मांडला, तेव्हा मधल्या घरातून चिठ्ठ्या टाकण्याची सूचना आली, आमच्या घरातून कोणीतरी सात आमचेच असल्याचे सांगितले, आणि काकांनी पेन्सिलीने कागदाच्या तळाशी एक नवी ओळ आखली. विहिरीकडे जाणारी पाणंद अरुंद आहे, पावसात दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत. त्या ओळीत नावाच्या जागी त्यांनी ‘पाणंद’ लिहिले, क्षेत्राच्या जागी ९, आणि हिश्श्याच्या रकान्यात, बराच वेळ पेन्सिल थांबवून, ‘सामाईक’.